शिवाचा बोर्ड तापत नव्हता

पुढे जे लिहितोय ते मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. यात दोन गोष्टी आहेत. एक मला अजून समजलेली नाही. दुसरी मला पहिल्या दिवसापासून पूर्ण समजलेली आहे, आणि ती सांगितल्याशिवाय पहिली सांगता येत नाही. म्हणून दोन्ही सांगायच्या राहिल्या.

या ग्रुपवर मी नुसता वाचणारा. रात्री दुकान बंद केल्यावर तुमचे भुताखेतांचे अनुभव वाचायचो आणि मनात म्हणायचो, व्होल्टेज कमी-जास्त झालं असेल, उंदीर असेल, झोप झाली नसेल. माझा धंदाच तसा आहे. सोलापुरात माझं कॉम्प्युटर असेंब्ली आणि रिपेअरचं दुकान आहे. मशीन बंद पडलं की कारण असतं, आणि ते सापडेपर्यंत शोधायचं असतं. कारण सापडलं नाही असं कस्टमरला मी कधी सांगितलेलं नाही.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. माझ्या गप्प बसण्यामुळे एक बाई गेली सहा-सात वर्षं नवऱ्याच्या मरणाचा आळ डोक्यावर घेऊन जगते आहे. तिनं काहीही केलेलं नाही. हे माहीत असू द्या आणि मग पुढे वाचा.

शिवानंद माझा मित्र. मूळचा दुधनीचा, राहायला कुंभारीत. दोन खोल्या, वर पत्रा. घरात आई, जिला सगळे अव्वा म्हणतात, बायको सुनंदा आणि एक मुलगी, श्रावणी. घरात कन्नड, बाहेर मराठी, आणि चिडला की दोन्ही एकदम. दिवसा तो एका टॉवेलच्या कारखान्यात कॉम्प्युटरवर डिझाइन काढायचा आणि संध्याकाळी माझ्या दुकानात येऊन बसायचा. काम म्हणून नाही, नादच होता त्याला. ओव्हरक्लॉकिंगचा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. प्रोसेसर कंपनीनं ठरवलेल्या वेगापेक्षा जास्त वेगानं पळवायचा, याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. त्यासाठी मदरबोर्डही त्या तोडीचा लागतो, साध्या बोर्डाला ते झेपत नाही. वेग वाढवला की व्होल्टेज वाढवावं लागतं, व्होल्टेज वाढलं की उष्णता वाढते, आणि उष्णता काढता आली नाही की मशीन हँग होतं. म्हणजे खेळ सगळा थंडाव्याचा. आता सोलापूरच्या एप्रिल-मे महिन्यात हा खेळ खेळायचा म्हणजे काय, ते इथल्या माणसाला सांगायला नको. आमच्याकडे उन्हाळ्यात निम्म्या शहरातल्या कॉम्प्युटरचं एका बाजूचं झाकण काढलेलं असतं आणि समोर टेबल फॅन लावलेला असतो. पुस्तकात हे चूक आहे. पण पुस्तक लिहिणारा इथं राहत नाही.

शिवाची त्याच्यापुढची युक्ती होती. पाण्याचा कूलर. हवा कोरडी असली की कूलरची हवा खोलीपेक्षा दहा-बारा अंशांनी गार येते. ती सरळ बोर्डावर सोडायची.

मी म्हणायचो, "ओली हवा आहे बे ती. क्षार बसतील बोर्डावर."

"बसू दे की. ब्रशनं काढतो. तू तुझ्या मोटारसायकलीला आठवड्यातनं एकदा तरी पुसतो का? मी बोर्डाला रोज पुसतो."

तो खरंच पुसायचा.

त्या वर्षी लग्नसराईच्या आधी एका फोटो स्टुडिओवाल्यानं माझ्याकडे व्हिडिओ एडिटिंगचं मशीन सांगितलं. मी चांगल्यातला चांगला बोर्ड मागवला. उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या पात्यांचा जाड हीटसिंक, आणि कोपऱ्यात दोन आकडी छोटा डिस्प्ले. मशीन सुरू होताना त्यावर कोड येतात, सुरू झालं की प्रोसेसरचं तापमान दिसत राहतं. शिवानं बोर्ड खोक्यातून काढला, दोन्ही हातांत धरला आणि म्हणाला, "पक्या, एवढा नटवलेला बोर्ड आन तू डिफॉल्टवर चालवणार? पाप लागतंय बे."

मी स्टुडिओवाल्याला बोलून बसलो होतो की पाच गिगाहर्ट्झवर चालणारं मशीन देतो, शहरात कुणाकडे नसेल. फुशारकी, दुसरं काही नाही. दुकानात ते पाचवर चालायचं, पण टेस्ट लावली की तापमान शंभरला जायचं आणि स्क्रीन निळा. सोमवारी द्यायचं होतं. शनिवारी शिवा म्हणाला, "माझ्याकडं दे. उद्या सुट्टी हाय. दिवसभर बसतो. फक्त कूलर पायजे, माझ्याची मोटर जळलीय."

माझ्या घरी गच्चीवर एक लोखंडी कूलर पडून होता. आदल्या उन्हाळ्यापासून आम्ही तो वापरत नव्हतो. त्याच्या पत्र्याला करंट यायचा. झिणझिण्या याव्यात इतका. आम्ही चप्पल घालूनच त्याला हात लावायचो, आणि बटण फिरवायला बायकोनं त्याच्या जाळीला दोरीनं एक लाकडी पट्टी बांधून ठेवली होती. पुढे एकदा तिला जोरात बसला, तेव्हा तिनं तो गच्चीवर टाकायला लावला.

तो कूलर मी खाली आणला. टेम्पोवाल्याला बोलावलं. तो येईपर्यंत मी ती लाकडी पट्टी सोडवली आणि जिन्याखाली टाकली.

पट्टी का सोडवली, हे मी स्वतःला खूपदा विचारलंय. उत्तर एकच येतं. ती दिसली असती तर शिवानं विचारलं असतं, ही कशाला? मग सांगावं लागलं असतं. मग त्यानं कूलर नेला नसता, आणि मशीन सोमवारी गेलं नसतं. एवढंच. त्याला काही व्हावं असं माझ्या मनातही नव्हतं. झिणझिण्याच येतात, असं मी धरून चाललो होतो.

शिवा टेम्पोत मागे बसला. मशीन मांडीवर, कूलर शेजारी. मला म्हणाला, "चालतोय न्हवं?"

"चालतोय की."

"करंट-बिरंट मारत न्हाय न्हवं? न्हायतर मशीनऐवजी अव्वाच पाच गिगावर पळायची."

टेम्पोवाला हसला. मीही हसलो. म्हटलं, "जा की बे, उशीर होतोय."

करंट मारत नाही, असं काही मी म्हणालो नव्हतो, या एका गोष्टीवर मी पुढे बरीच वर्षं काढली.

रविवारी दुपारी त्याचा फोन आला. मागे कूलरचा घरघर आवाज. तो ओरडूनच बोलत होता. "पाच पॉइंट एक! पक्या, पाच-एक बे, सगळ्या कोरवर! बाहेर भट्टी हाय आन हितं मशीन नुसतं बसलं की तीस दाखवतोय. टेस्टला ऐंशीच्या वर जात न्हाय." श्रावणी मागून काहीतरी विचारत होती, तिला म्हणाला, "थांब ग, प्रकाशकाकाशी बोलतोय." मग मला, "व्हीआरएम तेवढं तापतंय." व्हीआरएम म्हणजे बोर्डाचा प्रोसेसरला वीज पुरवणारा भाग. "कूलर जरा तिकडं सरकवतो, मग फोटो पाठवतो."

मी म्हणालो, "बरं."

चप्पल घाल, एवढंच म्हणायचं होतं. त्या वेळी मला कूलरचा करंट आठवला का? आठवला. दुकानात दोन माणसं समोर उभी होती. मी फोन ठेवला.

फोटो आला नाही. थोड्या वेळानं शेजारच्या माणसाचा फोन आला.

झालं ते मला तिथं गेल्या गेल्या कळलं. शिवानं कॅबिनेटला वेगळं अर्थिंग केलं होतं. अंगणात खड्डा खणून, कोळसा-मीठ घालून सळई पुरली होती. घरात एकाही पॉइंटला धड अर्थिंग नव्हतं, पण बोर्डाला त्यानं दिलं होतं. एक हात त्यानं कॅबिनेटवर ठेवला आणि दुसऱ्यानं कूलर सरकवला. घरी आम्हाला चपलेमुळे नुसत्या झिणझिण्या यायच्या. त्याच्या छातीतून करंट आरपार गेला.

खोलीत पाणी सांडलेलं होतं. बादली आडवी पडली होती. शिवानंच सांगितलं म्हणून सुनंदावहिनींनी थोडा वेळ आधी कूलरमध्ये पाणी ओतलं होतं, तो चालू असताना. सगळे ओततात. मीही ओततो. पण लोकांनी बादली पाहिली. कुणीतरी म्हणालं, मोटरवर पाणी गेलं असणार. अव्वा भिंतीला टेकून बसली होती. ती सुनेकडे बघून म्हणाली, "नीन कोंदी." तूच मारलंस. ती रडत नव्हती.

मी मदतीला पुढे होतो. पोलिस आले, त्यांना मीच सांगितलं की कूलर माझा, चांगला चालू होता, तक्रार काही नव्हती. दुसऱ्या दिवशी, लिंगायतांत दफन असतं म्हणून, शिवाला बसवून नेलं, तेव्हाही मी पुढे होतो. कूलर मी भंगारात घातला. घरी बायकोनं विचारलं, गच्चीवरचा कूलर कुठं गेला? म्हटलं, मागेच भंगारात दिला. ती आजही समजते की शिवाकडे गेलेला कूलर दुकानातला होता.

दिवसकार्य आटोपल्यावर सुनंदावहिनी मला दारापर्यंत सोडायला आल्या. म्हणाल्या, "भावजी, बंद करून पाणी वतायला पायजे हुतं, व्हय की ओ?"

मी म्हणालो, "मनाला लावून घेऊ नका, वहिनी."

हे वाक्य त्यांनी हो असंच धरलं. दुसरं काय धरणार?

स्टुडिओवाल्यानं ते मशीन घेतलं नाही, त्याचं बरोबरच होतं. मी ते चादरीत गुंडाळून दुकानाच्या माळ्यावर टाकलं. त्यानंतर कधी ओव्हरक्लॉकिंग केलं नाही. कुणी विचारलं तर सांगायचो, आपल्याकडच्या हवेत जमत नाही.

आता अनुभवाचं. हा गेल्या उन्हाळ्यातला.

मे महिन्यात वहिनी दुकानात आल्या. सोबत श्रावणी. वहिनी आता युनिफॉर्म शिवायच्या कारखान्यात जातात. श्रावणीला कॉलेजसाठी कॉम्प्युटर हवा होता. जुना चालेल म्हणाल्या.

मी म्हटलं, "शिवाचं मशीन आहे माझ्याकडे. तेच घेऊन जा."

त्यांनी श्रावणीकडे बघितलं. मग, "चालू हाय?"

"बघून देतो."

"फुकट नको, भावजी."

"वहिनी, ते त्याचंच आहे."

श्रावणीनं विचारलं, "काका, पप्पांचं म्हणजे... त्या दिवशीचं?" मी मान हलवली. ती आईकडे न बघता म्हणाली, "मला चालेल."

त्या गेल्यावर मी मशीन खाली उतरवलं. धूळ झटकली, हीटसिंक काढून नवी पेस्ट लावली, बॅटरी बदलली, सगळी सेटिंग उडवून कंपनीच्या मूळ वेगावर आणून ठेवलं. दुकानातला एसी तेव्हा बंद पडलेला होता. भिंतीवरचं थर्मामीटर चाळीस दाखवत होतं. मशीन सुरू केलं. कोड आले, गेले, आणि डिस्प्लेवर तापमान आलं. तीस.

इथं एक साधी गोष्ट सांगायला हवी. पंख्यानं थंड होणारी कुठलीही वस्तू आजूबाजूच्या हवेपेक्षा थंड होऊ शकत नाही. फार तर हवेएवढी होईल. चाळीसच्या खोलीत प्रोसेसर पंचेचाळीस दाखवेल, पन्नास दाखवेल. तीस दाखवणार नाही. म्हणजे सेन्सर गेला. मी तसंच समजलो.

खात्री करायला टेस्ट लावली. टेस्ट म्हणजे प्रोसेसरला पूर्ण कामाला जुंपायचं. पंखे वाढले. आकडा तीसच. मी चहा पिऊन आलो. तीसच. मग वेग बघितला. पाच-एक.

तो कसा, हे सांगता येईल. अशा बोर्डात सेटिंगची एक जादा प्रत राहते. मी ती उडवायला विसरलो असेन. पुन्हा सगळं उडवलं, पुन्हा सुरू केलं. पुन्हा पाच-एक. बरं, तेही सोडून देऊ. पण हीटसिंकला बोट लावलं तर तो गार होता. माठाला बोट लावल्यावर लागतो तसा, ओला गार. बोट ओलं झालं.

शेजारी नरसय्याचं एसी-फ्रिज रिपेअरचं दुकान आहे. त्याला हाक मारली. काही सांगितलं नाही, फक्त म्हटलं, तुझं तापमान मोजायचं मशीन आण. नरसय्या आला तो घाम पुसत. त्यानं तार हीटसिंकच्या पात्यांत खोचली, तीसचा आकडा बघितला, तार काढून स्वतःच्या काखेत धरली, पुन्हा बघितला.

"काय ओ प्रकाशभाऊ. माझं यंत्र तर बरोबर हाय. मला ताप न्हाय आला अजून."

"मग?"

"मग ह्याच्यात गॅस भरलाय का तुमी? फ्रिजचा?"

"कसला गॅस, पंखा आहे साधा."

त्यानं वाकून आत बघितलं, मागे हात नेला. मागून जिथून गरम हवा यायला हवी तिथून गार हवा येत होती. त्यानं वास घेतला. "कूलर हाय की हो कुठंतरी. गवताचा वास येतोय ओल्या." मग माझ्या दुकानात इकडे तिकडे बघितलं. कूलर नव्हता. "मला द्या ओ हे. ह्याच्यावर ताकाचं पातेलं ठेवतो. धंदा बंद करतो एसीचा."

मी हसलो नाही तेव्हा त्यानं तार गुंडाळली. जाताना म्हणाला, "बंद करून ठेवा तुमी. मला बरं न्हाय वाटत हे." नरसय्यानं आजवर मला धंद्यातली चेष्टा सोडून काही म्हटलेलं नाही.

त्या दिवशी शिवानंही तीसच सांगितलं होतं, हे त्याला माहीत नव्हतं. फोनवर तो आकडा फक्त मी ऐकला होता.

मला भीती वाटली का? नाही वाटली. तुमच्या अनुभवांत असतं ते अंगावर काटा वगैरे काही झालं नाही. मी ब्रश घेतला. पंख्याच्या पात्यांवर पांढरे क्षार बसले होते, बोअरच्या पाण्याचे असतात तसले. मी सकाळीच पंखे पुसले होते. पुन्हा पुसले. मशीन बंद केलं, गुंडाळलं, आणि रविवारी कुंभारीला घेऊन गेलो. नेऊ नये असं मनात आलं नाही. देतो म्हणालो होतो, पोचवलं.

दुपार होती. तीच खोली, तोच पत्रा. अव्वा कोपऱ्यात खाटेवर. तिला आता नीट दिसत नाही. आवाजावरून ओळखलं. "बा तम्मा, कूड." ये बाळा, बस. त्या घरात आता कूलर नाही. छताला एक पंखा, तो गरम हवा खाली ढकलत होता. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या, आत आल्या नाहीत. हात पदरात गुंडाळलेले. श्रावणीनं टेबल पुसून ठेवलं होतं. मी वायरी जोडल्या, अर्थिंगची तार जोडली. अंगणातली शिवाची सळई अजून होती. बटण दाबलं.

तीस.

थोड्याच वेळात खोलीत गार हवा जाणवायला लागली. मला एकट्याला नाही. श्रावणी कपाळावरचे केस मागे सारून म्हणाली, "आई, इकडं ये की, बघ कसलं गार येतंय." ओल्या गवताचा वास आला. अव्वानं मान वर केली.

"कूलर तंदी एनु, तम्मा?" कूलर आणलास का रे?

अव्वा दाराकडे तोंड करून म्हणाली, "ए. नीरु हाकब्याड." पाणी ओतू नको.

रागानं नाही. रोज दूध बघ, दार लाव सांगतात तसं. इतकी वर्षं हे कसं चाललं असेल ते मला त्या आवाजावरून कळलं.

श्रावणी म्हणाली, "आज्जी, गप की. सारखं सारखं काय ते."

"असू दे ग," वहिनी म्हणाल्या. "खोटं कुटं बोलतायत त्या? माझ्याच हातनं झालं."

त्या बोलल्या आणि माझ्याकडे बघितलं. विचारावं तसं नाही, नुसतं. घरात तेव्हा आम्ही चौघंच होतो. ज्यांना सांगायचं त्या दोघी समोर होत्या, आणि मुलगी होती. गार हवा माझ्या पायांवर येत होती. बोर्डावर तीस होते. मी म्हणालो, "वहिनी..."

"काय ओ, भावजी?"

सगळं तोंडात तयार होतं. कूलरला करंट येत होता, मला माहीत होतं. लांबलचक काही नव्हतं. श्रावणीही माझ्याकडे बघायला लागली.

मी म्हणालो, "कीबोर्ड जुना आहे. नवा आणून देतो."

"बरं," वहिनी म्हणाल्या.

तेव्हाच हवा थांबली. पंखे फिरत होते, आवाज तोच होता, पण गारवा गेला. मी डिस्प्लेकडे बघितलं. चौतीस. एकेचाळीस. अठ्ठेचाळीस. त्रेपन्नवर जाऊन आकडा थांबला. त्या खोलीत असायला हवा तेवढाच. मागे हात लावला, गरम हवा. वासही राहिला नाही. वेग बघितला, कंपनीचा मूळ वेग.

श्रावणीनं विचारलं, "काका, काय बंद केलं तुम्ही? मगाशी गार येत होतं."

"काही नाही," मी म्हटलं. "आत्ता बरोबर चालतंय."

अव्वा आडवी झाली होती. वहिनी चहा करायला आत गेल्या. मी चहा प्यायलो आणि निघालो.

मशीन तेव्हापासून नीट आहे. कीबोर्ड द्यायला गेलो तेव्हा मी ते पुन्हा तपासलं. उन्हाळ्यात तापतं, पावसाळ्यात कमी तापतं, टेस्ट लावली की ऐंशीला जातं. पंख्यांवर साधी धूळ असते. श्रावणी त्यावर अभ्यास करते. नरसय्या अजून विचारतो, तो तुमचा फ्रिज कुठं गेला? मी सांगतो, विकला.

मी खूप विचार केला. सेन्सर म्हणावा तर नरसय्याचं यंत्र वेगळं होतं. कुठून हवेचा झोत येत असेल म्हणावं तर दुकानात आणि कुंभारीत, दोन्हीकडे? माझ्या डोक्याचा खेळ म्हणावा तर श्रावणीला आणि अव्वाला गार लागलं ते काय? त्यांना मी काहीच सांगितलं नव्हतं. पूर्ण वेगानं चालणारा प्रोसेसर गार हवा सोडत होता. असं होत नाही. यावर कुणी जाणकार असेल तर लिहा, पण माझी फारशी आशा नाही. शिवा तिथं होता का, हेही मी सांगू शकत नाही. असला तर तो चिडलेला नव्हता. नुसतं मशीन चालवत होता, जसा चालवायचा.

तुमच्यातले काही विचारतील की इथं लिहिता येतं तर तिथं का बोलता येत नाही. इथं तुम्ही मला ओळखत नाही. तिथं ती बाई मला इतकी वर्षं भावजी म्हणते, आणि श्रावणीच्या प्रत्येक कामाला आधी मला फोन करते. अव्वा आता फार दिवसांची नाही, हेही मला दिसतं. ती गेली तर सुनेवरचा आळ तिच्या तोंडून मागे घ्यायचा राहून जाईल. मी पुन्हा दोनदा गेलो होतो. दोन्ही वेळा चहा पिऊन परत आलो.

सुनंदावहिनींच्या हातून काही झालेलं नाही, कूलरला आधीपासून करंट येत होता, मला ते माहीत होतं आणि शिवानं विचारलं तेव्हा मी सांगितलं नाही. हे अव्वाच्या देखत, ती जिवंत असताना, वहिनींना सांगायचं देणं माझ्यावर आहे. आजच्या तारखेपर्यंत सांगितलेलं नाही.